आटत्या थेंबाचं माप

रॉबर्ट मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग आपण कॉलेजपासून वाचत आलो आहोत, पण त्यात तेलच का, हे फारसं कुणी विचारत नाही. सुरुवात पाण्यानेच झाली होती. पाण्याचा बारीक थेंब मात्र दुर्बिणीत नीट दिसेपर्यंतच आटायला लागतो, वस्तुमान बदलतं आणि विद्युतभाराचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून १९०९ च्या सुमारास शिकागोत मिलिकन आणि त्याचा विद्यार्थी हार्वी फ्लेचर घड्याळाच्या तेलाकडे वळले. त्यांनी टाळलेली अडचण हाच या लेखाचा विषय आहे. थेंब आटतोय, दर क्षणाला लहान होतोय, आणि प्रत्येक क्षणी त्याचा व्यास किती हे आपल्याला हवं आहे.

याची गरज अनेकांना पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेची महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे; पावसाळ्यात तिथे ढग अक्षरशः दारात येतात आणि त्यातले थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचे असतात. आयआयटी मुंबईच्या रजनीश भारद्वाज आणि अमित अगरवाल यांनी २०२० मध्ये पृष्ठभागावर पडलेला श्वसनातला थेंब वाळायला किती वेळ लागतो आणि विषाणू तेवढ्यात टिकतो का, याचं गणित मांडलं. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यालाही नोझलमधून सुटलेला थेंब पानापर्यंत केवढा उरतो, याच्याशी मतलब असतो. मी हे लिहितोय ते प्रामुख्याने बीएस्सी-एमएस्सीच्या किंवा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेणाऱ्यांसाठी. हल्ली अशा प्रोजेक्टची सुरुवात न्यूरल नेटवर्क डाउनलोड करण्यापासून होते. ती तिथून करू नका.

सुरुवात कागदावर करा. तुमचा थेंब किती वेळ जगणार आहे, ते आधी काढा. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७७ मध्ये आणि अर्व्हिंग लँगम्यूरने १९१८ मध्ये दाखवलं की स्थिर हवेतल्या गोल थेंबाचं वस्तुमान त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात घटतं. क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटत असेल असं पहिल्यांदा कुणालाही वाटतं. पण वाफ थेंबापासून दूर पसरण्याचा वेग इथे अडथळा ठरतो आणि तो हिशेब त्रिज्येवर येऊन थांबतो. यातून निघतो तो व्यास-वर्गाचा नियम: व्यासाचा वर्ग वेळेबरोबर सरळ रेषेत कमी होतो. १९५० च्या दशकात गॉडसेव्ह आणि स्पॉल्डिंग यांनी जळणाऱ्या इंधनाच्या थेंबांना तो लावल्यापासून इंजिनवाल्यांच्याही तो रोजच्या वापरात आहे.

आता आकडे घालून बघा. खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर १०० मायक्रोमीटर व्यासाचा शुद्ध पाण्याचा थेंब साधारण १२ सेकंदांत संपतो. व्यास निम्मा, म्हणजे ५० मायक्रोमीटर, तर आयुष्य पाव, ३ सेकंद. १० मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात नाहीसा. इथे एक खाचखळगा आहे. पुस्तकातल्या सूत्रात खोलीचंच तापमान घातलं तर १२ ऐवजी साडेचार सेकंदांच्या आसपास उत्तर येतं, कारण आटताना थेंब स्वतः गार होतो हे त्या हिशेबात नसतं. या परिस्थितीत त्याचं तापमान १८ अंशांच्या आसपास उतरतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं उतरतं तसंच. एवढा फरक लक्षात न घेता पुढे गेलात, तर मोजमाप बरोबर असूनही तुम्ही कॅमेऱ्याला दोष देत बसाल.

हे गणित झालं की उपकरणं आपोआप ठरतात. सेकंदाला ६० फ्रेम घेणारा कॅमेरा १० मायक्रोमीटरच्या थेंबाचे जन्मापासून मरणापर्यंत सात फोटो काढेल. सात फोटोंवर कुठलंही मॉडेल शिकत नाही. एकतर वेगवान कॅमेरा हवा, किंवा मोठा थेंब, किंवा हवेत ओलावा जास्त, किंवा पाण्याऐवजी सावकाश आटणारा ग्लायकोलसारखा द्रव. शेवटच्या पर्यायाचं एक दुखणं पुढे सांगतो.

थेंब धरायचा कुठे, हाही प्रश्न आधीच सोडवा. काचेच्या पट्टीवर ठेवलेला थेंब गोल नसतो, तो टोपीसारखा बसतो. बहुतेक वेळा त्याची कड काचेला चिकटून राहते आणि वरचा फुगवटा खाली बसत जातो. कॉफीचा डाग कडेला गडद का, याचं सिडनी नेगल, रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण याच चिकटलेल्या कडेवर उभं आहे. अशा थेंबाला वरून बघितलं तर व्यास बदलतच नाही आणि पाणी मात्र जात असतं. तेव्हा पट्टीवरचा थेंब घ्यायचा तर बाजूने बघा आणि त्याचा घनफळाचा हिशेब वेगळा मांडा. बारीक काचतंतूच्या टोकाला लटकवलेला थेंब गोलाच्या जवळ जातो, पण तंतूतून उष्णता आत येते. सगळ्यात चोख मार्ग म्हणजे विद्युतभारित थेंब बदलत्या विद्युतक्षेत्रात अधांतरी धरणं. वोल्फगांग पॉल यांना १९८९ चं नोबेल ज्या सापळ्यासाठी मिळालं, त्याच जातीचा सापळा यासाठी वापरतात. तो प्रत्येक कॉलेजात नसणार, हे मान्य. काचतंतूवर काम भागवा, फक्त तसं अहवालात लिहा.

साधारण २० मायक्रोमीटरच्या वरच्या थेंबांसाठी सावली पुरते. मागे एलईडी, मधे ट्रेसिंग पेपर, पुढे थेंब, मग दहापट ऑब्जेक्टिव्ह आणि कॅमेरा. स्क्रीनवर जे दिसतं ते नीट बघा: काळी चकती दिसेल आणि तिच्या मधोमध लख्ख पांढरा ठिपका. थेंब हा छोटा भिंगच असल्याने तो मागचा उजेड मध्यावर गोळा करतो. काळ्याला थेंब आणि पांढऱ्याला पार्श्वभूमी असं साधं गणित लावणारा प्रोग्रॅम त्या ठिपक्याला भोक समजतो आणि क्षेत्रफळ कमी सांगतो. भोक बुजवायची एक ओळ कोडमध्ये घाला, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

उरलेली अर्धी कडेपाशी आहे. ०.२५ न्यूमरिकल अॅपर्चरच्या दहापट ऑब्जेक्टिव्हला हिरव्या उजेडात सुमारे १.३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल प्रतिमेत एक तृतीयांश मायक्रोमीटर एवढा का असेना, थेंबाची कड ही तीनचार पिक्सेलभर पसरलेली करडी पट्टी असते. ती नेमकी कुठे संपते, हे ठरवणारे तुम्ही. १०० मायक्रोमीटरच्या थेंबात एक मायक्रोमीटर चुकलात तर व्यासात १ टक्का आणि घनफळात ३ टक्के फरक पडतो. तोच एक मायक्रोमीटर २० च्या थेंबात घनफळाला १५ टक्क्यांचा दणका देतो. शिवाय थेंब फोकसमधून किंचित सरकला तर कड आणखी पसरते आणि थेंब आहे त्यापेक्षा मोठा भासतो.

म्हणून कॅलिब्रेशन दोनदा करा. एकदा स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेल्या काचेवर. त्यातून पिक्सेलचं माप मिळतं. दुसऱ्यांदा ठरावीक मापाच्या पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांवर. गोळी आटत नाही, तिचं माप बाटलीवर छापलेलं असतं, आणि ती मुद्दाम फोकसच्या थोडी पुढेमागे सरकवून फोटो काढता येतात. हे फोटो तुमच्या मॉडेलची खरी शिदोरी. कारण त्यांचं उत्तर माणसाने डोळ्यांनी ठरवलेलं नसतं.

थेंबांच्या फोटोंवर मात्र कुणीतरी हाताने वर्तुळ काढावंच लागतं. ते काम एकट्याने करू नका. तेच पन्नासेक फोटो दोघांनी, एकमेकांचं न बघता, आखावेत. दोघांच्या व्यासांत सरासरी दीड मायक्रोमीटरचा फरक पडला, तर त्या लेबलांवर शिकलेल्या मॉडेलने अर्ध्या मायक्रोमीटरच्या अचूकतेचा दावा करण्यात काही अर्थ उरत नाही. प्रोजेक्टच्या सादरीकरणात ही संख्या क्वचितच दिसते, आणि परीक्षकाने विचारायला हवा असा पहिला प्रश्न हाच आहे.

आता मॉडेल. आधी मशीन लर्निंगशिवायचा एक रस्ता तयार ठेवा: उजेडाची मर्यादा लावा, भोक बुजवा, कडेवर वर्तुळ बसवा. स्वच्छ फोटोंवर हा रस्ता इतका चांगला चालतो की कित्येकदा पुढे जायची गरजच पडत नाही. नेटवर्क कामाला येतं ते फोटो मळका असताना: फोकस गेलेला, मागचा उजेड असमान, काचतंतूची सावली मधे आलेली, दोन थेंब एकमेकांना लागलेले. तिथे यू-नेट घ्या. फ्रायबर्ग विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ मध्ये सूक्ष्मदर्शकातल्या पेशी वेगळ्या करण्यासाठी ते बांधलं. थोड्या फोटोंवर शिकायची त्याची तयारी आहे, आणि ते थेट व्यास न सांगता थेंबाचे पिक्सेल रंगवून देतं. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसते. एका आकड्यातली चूक दिसत नाही.

डेटा विभागताना जवळपास सगळे जिथे घसरतात ती जागा नीट समजून घ्या. एका थेंबाच्या व्हिडिओतल्या हजार फ्रेम म्हणजे हजार स्वतंत्र फोटो नव्हेत. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये थेंब जवळपास तोच, मागची धूळही तीच. सगळ्या फ्रेम पिसून त्यातल्या ८० टक्के शिकायला आणि २० टक्के परीक्षेला दिल्या, तर परीक्षेत येणाऱ्या प्रत्येक फ्रेमची जुळी बहीण मॉडेलने आधीच पाहिलेली असते. गुण उत्तम मिळतात आणि नवीन थेंब समोर आला की मॉडेल तोंडघशी पडतं. विभागणी थेंबानुसार करा: काही थेंब पूर्णपणे शिकायला, काही पूर्णपणे परीक्षेला. शक्य असेल तर परीक्षेचे थेंब वेगळ्या दिवशी, उपकरण एकदा सोडवून पुन्हा जोडून घ्या.

दुसरी फसगत व्यास-वर्गाच्या नियमातूनच निघते. वर्ग सरळ रेषेत घटतो, याचा अर्थ आयुष्याचे तीन चतुर्थांश सरेपर्यंत थेंब निम्म्या व्यासावरही आलेला नसतो. मूळ व्यासाच्या एक पंचमांशापेक्षा लहान थेंब दिसतो तो एकूण आयुष्याच्या शेवटच्या ४ टक्क्यांत. तुमच्या डेटात मोठे थेंब भरमसाट आणि लहान चिमूटभर असणार. असा डेटा आहे तसा भरवला की मॉडेल शंका आली की मोठा आकडा सांगायला शिकतं, कारण त्यात त्याचा सरासरी तोटा कमी होतो. व्यासाचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यातून साधारण सारखे फोटो निवडा. लहान थेंबांसाठी मुद्दाम वेगवान कॅमेऱ्याने वेगळी रेकॉर्डिंग करावी लागली तरी करा.

वीस मायक्रोमीटरच्या खाली सावली सोडून विखुरलेल्या प्रकाशाकडे वळावं लागतं. लेसरच्या झोतात थेंब धरला की त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आणि आतून वळून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि मुद्दाम फोकसबाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्यात काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. थेंब जितका मोठा, तितक्या पट्ट्या दाट. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर, पाण्याचा थेंब, आणि झोताच्या पुढच्या दिशेपासून ६६ अंशांवर कॅमेरा असेल तर २० मायक्रोमीटर व्यासाला दोन पट्ट्यांत सुमारे १.७ अंशांचं अंतर पडतं. भिंगात १० अंश मावत असतील तर सहा पट्ट्या. थेंब १० वर आला की तीन.

सहा पट्ट्या मोजताना अर्धी पट्टी इकडेतिकडे झाली की ८ टक्के चूक. मशीन लर्निंगचा उपयोग इथे खरा आहे, कारण पट्ट्यांच्या संख्येपलीकडे त्यांची जागा, त्यांची उंची, मधल्या बारीक लहरी या सगळ्यांत व्यासाची माहिती असते आणि ती माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही. आणखी मोठी सोय म्हणजे लेबलं हाताने काढावी लागत नाहीत. गोल थेंब प्रकाश कसा विखुरतो याचं अचूक उत्तर गुस्ताव मी याने १९०८ मध्येच देऊन ठेवलं आहे आणि ते काढणारी फुकट पायथॉन पॅकेजं मिळतात. ५ ते ६० मायक्रोमीटर व्यासांचे नमुने ०.०१ मायक्रोमीटरच्या पायरीने काढले तर साडेपाच हजार नमुन्यांचं भांडार होतं. त्यात तुमच्या कॅमेऱ्यासारखा गोंगाट, उजेडाची चढउतार आणि कोनाची थोडी चूक मुद्दाम मिसळा. नाहीतर मॉडेल गणितातल्या थेंबावर हुशार आणि टेबलावरच्या थेंबावर मठ्ठ ठरेल. सुरुवात भांडारातला सगळ्यात जवळचा नमुना शोधण्यापासून करा. छोटं नेटवर्क त्यानंतर, आणि ते या साध्या शोधापेक्षा चांगलं निघालं तरच ठेवा.

इथे एक विशिष्ट जातीची चूक दिसेल. वर सांगितलेल्या मांडणीत व्यास सुमारे ०.४ मायक्रोमीटरने घटला की पट्ट्यांचा साचा एका पट्टीने सरकून पुन्हा जवळपास तसाच दिसतो. एकाच फ्रेमवरून निर्णय घेणारं मॉडेल म्हणून अधूनमधून ०.४ च्या पटीत उडी मारतं. व्यास आणि वेळेचा आलेख काढा. मुख्य वक्राच्या वरखाली त्याला समांतर अशा फिकट रांगा दिसल्या, तर हेच घडतंय. उपाय सोपा आहे. मॉडेलकडून एक उत्तर न घेता पहिली चारपाच संभाव्य उत्तरं घ्या आणि लागोपाठच्या फ्रेममधून उड्या न मारणारा, घटत जाणारा मार्ग निवडा.

मोह होतो तो इथेच. थेंब घटणार हे गृहीत धरलंच आहे, तर व्यास-वर्गाचा नियमच मॉडेलला शिकवून टाकावा, म्हणजे सगळं गुळगुळीत येईल. माझं यावर ठाम मत आहे: शिकवू नका. नियम मॉडेलच्या आत घातला की निकालात सरळ रेषा येणारच, थेंब काहीही करत असो. मग ती रेषा दाखवून ‘नियम सिद्ध झाला’ किंवा ‘मॉडेल अचूक आहे’ म्हणणं म्हणजे आपणच पेपर काढून आपणच सोडवणं. नियम मॉडेलपासून लपवून ठेवलात, तरच तो तुमच्यासाठी तटस्थ परीक्षक राहतो. प्रत्येक फ्रेमचा व्यास स्वतंत्र काढा, त्याचा वर्ग करा, वेळेसमोर मांडा, सरळ रेषा बसवा, आणि मग रेषा बाजूला ठेवून बिंदू तिच्यापासून किती आणि कुठे ढळलेत ते बघा.

या ढळण्यात प्रोजेक्टचा सगळा रस आहे. रेषेभोवती बिंदू दोन्हीकडे विस्कटलेले असतील तर तो मोजमापाचा गोंगाट. त्याची रुंदी म्हणजे तुमची खरी अचूकता. अगदी सुरुवातीला वक्र असेल तर थेंब अजून गार होतोय. शेवटाला रेषा आडवी होऊ लागली तर पाण्यात क्षार आहेत. नळाचं पाणी घेतलं असेल तर हे होणारच, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि सिरिंजही त्याच पाण्याने धुऊन घ्या. ग्लायकोलचं दुखणं म्हणालो होतो ते हेच: तो सावकाश आटतो खरा, पण हवेतला ओलावाही ओढून घेतो. जुलैत मुंबईच्या किंवा कोकणातल्या प्रयोगशाळेत ग्लायकोलचा थेंब आधी थोडा फुगूही शकतो. पाणी मिसळलं की त्याचा अपवर्तनांकही १.४३ वरून खाली सरकतो, आणि १.४३ धरून काढलेलं तुमचं नमुन्यांचं भांडार चुकीचं ठरतं. सापळ्याभोवती कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडता आला तर उत्तम. निदान आर्द्रता मोजणारा सेन्सर थेंबाशेजारी ठेवा, आणि त्याची नोंद फ्रेमच्या वेळेशी जुळेल अशी ठेवा. खोलीच्या भिंतीवरचा मीटर उपयोगाचा नाही. एसी चालू असेल तर झोत थेंबावर येत नाही ना, तेही बघा. वारा लागला की थेंब लवकर आटतो आणि स्थिर हवेचा हिशेब जुळत नाही.

अहवालात ‘मॉडेलची अचूकता ९८ टक्के’ असं वाक्य लिहू नका. व्यास मोजण्यात त्याला अर्थ नाही. व्यासाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी चूक मायक्रोमीटरमध्ये द्या: ४० ते ६० मध्ये इतकी, २० ते ४० मध्ये इतकी, त्याखाली इतकी. शेजारी मशीन लर्निंगशिवायच्या रस्त्याची चूक द्या आणि पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांवरची चूक द्या. दोन माणसांच्या आखणीतला फरकही त्याच तक्त्यात असू द्या.

आणि मॉडेलला उत्तर न देण्याची मुभा ठेवा. वरच्या मांडणीत साधारण सव्वातीन मायक्रोमीटरच्या खाली १० अंशांत एक पूर्ण पट्टीही मावत नाही. तिथे मॉडेल आकडा सांगेल, पण तो शिकवलेल्या नमुन्यांवरून मारलेला अंदाज असेल. २० मायक्रोमीटरपासून निघालेल्या थेंबाचं तिथवर येईतो ९७ टक्के आयुष्य संपलेलं असतं. उरलेल्या फ्रेमचा रकाना कोरा सोडा.